डोक्यास लागलेला मार : वयोमानाप्रमाणें ओळखावयाच्या खुणा

शेतकऱ्याच्या घरीं डोक्यास मार लागणें ही नवलाची गोष्ट नव्हे. आंब्यावर चढलेला गडी फांदी मोडून खालीं येतो. कडब्याच्या गंजीवरून पोर घसरतें. धार काढतांना म्हैस लाथ झाडते. उसाच्या ट्रॉलीवर बसलेला मजूर खड्ड्याच्या हिसक्यासरसा रस्त्यावर फेंकला जातो. आणि घरांतील म्हातारें माणूस रात्रीं उठतें तें उंबऱ्यास अडखळून पडतें. अशा प्रसंगीं आपल्याकडे पहिली पाहणी होते ती जखमेची. रक्त किती गेलें, खोक केवढी पडली, टांके घालावे लागतील कीं हळदीवर भागेल, एवढाच विचार होतो. आणि रक्त थांबून माणूस उठून बसला म्हणजे 'थोडक्यांत निभावलें' असें म्हणून जो तो आपापल्या कामास लागतो. परंतु कातडीच्या जखमेवरून आंतील मेंदूचा अंदाज करणें हें बांधावर उभें राहून विहिरीच्या पाण्याचा अंदाज करण्यासारखें आहे. मोठी खोक पडलेला माणूस आठ दिवसांत बरा होतो, आणि ज्याच्या डोक्यावर साधें टेंगूळही दिसत नाहीं असा माणूस रात्रीं झोपतो तो सकाळीं उठत नाहीं, असें घडतें.

या लेखांत आम्ही जें सांगणार आहों त्याचें सार थोडक्यांत असें. मेंदूस इजा झाली कीं नाहीं हें जखम पाहून कळत नाहीं, तें माणसाच्या वागण्यांत पडलेल्या फरकावरून कळतें. आणि हा फरक तान्ह्या मुलांत, शाळकरी मुलांत, कर्त्या माणसांत व वृद्धांत निरनिराळ्या रूपानें दिसतो. आम्ही डॉक्टर नव्हे. आमच्या आयुष्याचीं पुष्कळशीं वर्षें महसूल खात्याच्या कचेरींत नोंदी करण्यांत गेलीं. त्या कामानें आम्हांस एक गोष्ट शिकविली, ती ही कीं, एखादी गोष्ट बदलली कीं नाहीं हें ठरवावयाचें तर ती पूर्वीं कशी होती हें ठाऊक असावें लागतें. माणसाची पूर्वींची रीत डॉक्टरास ठाऊक नसते, ती घरच्यांस ठाऊक असते. म्हणून या खुणांची ओळख घरच्यांनींच करून घेणें अवश्य आहे.

कवटीच्या आंत काय घडतें

प्रौढ माणसाचा मेंदू वजनानें सुमारें १३०० ते १४०० ग्रॅम भरतो. तो लोण्याच्या गोळ्यासारखा मऊ असून तीन आवरणांत गुंडाळलेला व पाण्यासारख्या एका द्रवांत तरंगत असतो. डोकें आपटलें म्हणजे कवटी तत्काल थांबते, पण आंतील मेंदू पुढें जाऊन तिच्या भिंतीवर आदळतो, आणि उलट खाऊन दुसऱ्या बाजूसही लागतो. गाडींत ठेवलेल्या घागरींतील पाणी हिसक्यासरसें दोन्ही कांठांवर आपटतें, तसाच हा प्रकार. कधीं एवढ्यानें मेंदूचें काम कांहीं काळ बिघडतें व पुन्हां सुधारतें. कधीं मेंदूचे बारीक तंतू ताणले जातात. आणि कधीं आवरणांमधील एखादी रक्तवाहिनी फुटून आंत रक्त सांठूं लागतें.

हा शेवटचा प्रकार फार घातक. हातापायास मार लागला तर सूज बाहेर येण्यास जागा असते. कवटी ही हाडाची बंद पेटी आहे. तींत सांठणाऱ्या रक्तास वाट नाहीं. रक्त वाढेल तसतसा मेंदू दाबला जातो, आणि श्वास चालविणारा त्याचा खालचा भाग दाबला गेला म्हणजे प्राण जातो. रक्त धमनींतून येत असेल तर हें कांहीं तासांत घडतें. बारीक शिरेंतून झिरपत असेल तर कांहीं आठवडे लागतात. वेळेवर कवटी उघडून तें रक्त काढलें तर पुष्कळ रोगी बरे होऊन आपल्या कामास लागतात. म्हणून खुणा लवकर ओळखण्यास एवढें महत्त्व आहे.

तान्हें मूल : जन्मापासून दोन वर्षांपर्यंत

या वयाच्या मुलास 'डोकें दुखतें' असें सांगतां येत नाहीं. त्याचें दूध पिणें, रडणें, झोपणें व नजर हेंच त्याचें बोलणें होय. पडल्यावर क्षणभर रडून जें मूल आईच्या कडेवर गप्प होतें, अंगावर पितें व खेळूं लागतें, त्याविषयीं चिंतेचें कारण बहुधा नसतें. परंतु जें पिण्याचें टाळतें. पुन्हां पुन्हां ओकतें. तीव्र, किंचाळल्यासारखें रडतें व कोणत्याही उपायानें थांबत नाहीं. किंवा याच्या उलट, जें मुळींच रडत नाहीं, निपचित पडून राहतें, आईच्या तोंडाकडे नजर लावीत नाहीं, एक हात किंवा एक पाय कमी हालवितें, त्यास विलंब न लावतां दवाखान्यांत नेलें पाहिजे.

टाळूही पाहावी. पुढची टाळू साधारणपणें एक ते दीड वर्षांच्या सुमारास भरून येते. मूल शांत असून त्यास बसतें धरलें असतां ती सपाट किंवा किंचित् खोल असावी. रडतांना ती थोडी वर येते, त्यांत वावगें कांहीं नाहीं. पण शांतपणींही ती फुगून ताठ लागत असेल तर आंत दाब वाढला आहे असें समजावें. मात्र टाळू सपाट आहे म्हणून बाकीच्या खुणांकडे दुर्लक्ष करूं नये.

टेंगूळ कोठें आलें यासही महत्त्व आहे. चालावयास शिकणाऱ्या मुलाच्या कपाळावर टेंगूळ येतच असतें. परंतु कानाच्या वर, डोक्याच्या बाजूस किंवा मागें मऊ, पिलपिलीत सूज आली असेल तर खालीं हाड तडकलें असण्याचा संभव असतो. तसेंच तीन फुटांपेक्षां अधिक उंचीवरून, म्हणजे उंच ओट्यावरून, पलंगावर ठेवलेल्या पेटीवरून किंवा मोठ्या माणसाच्या कडेवरून मूल पडलें असेल, तर तें हंसत असलें तरी डॉक्टरास दाखवावें.

अमेरिकेंत ४२,४१२ मुलांची पाहणी करून इ. स. २००९ सालीं तेथील डॉक्टरांनीं कोणत्या मुलास मेंदूच्या गंभीर इजेचा धोका आहे हें ठरविण्याच्या खुणा प्रसिद्ध केल्या. दोन वर्षांखालील मुलांसाठीं ज्या सहा खुणा त्यांनीं निश्चित केल्या त्यांतील एक आमच्या वाचकांनीं ध्यानांत धरण्यासारखी आहे. ती अशी : आईबापांच्या मतें मूल नेहमीप्रमाणें वागत नाहीं. एवढ्या मोठ्या पाहणीअंतीं डॉक्टरांनीं आईबापांच्या शब्दास यंत्राच्या व हाताच्या तपासणीबरोबर जागा दिली. तेव्हां 'कांहीं नाहीं, उगीच घाबरतेस' असें म्हणून सुनेस किंवा मुलीस गप्प बसविण्यापूर्वीं प्रत्येक सासूनें व सासऱ्यानें याचा विचार करावा.

येथेंच आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. मूल रडावयाचें थांबत नाहीं म्हणून रागाच्या भरांत त्याच्या दंडांस धरून त्यास गदगदां हालविणें फार भयंकर आहे. तान्ह्या मुलाचें डोकें शरीराच्या मानानें मोठें व मान दुबळी असते. अशा हालविण्यानें अंगावर एकही वळ न उठतां मेंदूंत व डोळ्यांत रक्तस्राव होतो, आणि मूल दगावतें किंवा जन्माचें अधू होतें. राग अनावर झाला तर मूल खालीं निजवून दुसऱ्याच्या स्वाधीन करावें व आपण बाहेर जावें.

शाळकरी मूल

दोन वर्षांनंतर मूल बोलूं लागतें, पण तें खरें सांगेलच असें नाहीं. चिंचेवर चढूं नको असें बजावलें असतां चढलेला मुलगा पडल्यावर घरीं ती गोष्ट लपवितो. म्हणून मूल संध्याकाळीं कारणावांचून गळालेलें, झोपाळू किंवा ओकारीनें हैराण दिसलें तर त्याच्या सोबत्यांकडे विचारपूस करावी. आणि पडल्याचें कबूल केल्यास मारणार नाहीं असें वचन मुलास आधींच देऊन ठेवावें व तें पाळावें.

पांच फुटांपेक्षां अधिक उंचीवरून पडणें, थोडा वेळ कां होईना बेशुद्ध होणें, वांत्या होणें, डोकें अतिशय दुखणें, तोच तोच प्रश्न पुन्हां पुन्हां विचारणें, या या वयांतील मोठ्या खुणा होत. लहान मुलांत आणखी एक खूण आढळते. नुकतीच शिकलेली गोष्ट आधीं जाते. अंथरूण ओलें करावयाचें सोडलेलें मूल पुन्हां ओलें करूं लागतें; वाक्यें बोलणारें मूल पुन्हां एकेका शब्दावर येतें; जिना उतरणारें मूल हात मागूं लागतें. हा हट्ट नव्हे, ही खूण आहे.

कांहीं खुणा पहिल्या दोन दिवसांत दिसत नाहींत, त्या पुढील आठवड्यांत दिसतात. शहाणा मुलगा चिडखोर होतो. पाठ असलेले पाढे अडतात. वाचतांना डोकें दुखतें. उजेड व गलका सोसत नाहीं. सोबत्यांत मिसळत नाहीं. अशा वेळीं शाळेंत शिक्षकांस मार लागल्याची हकीकत अवश्य कळवावी, नाहीं तर आजारास आळस समजून मुलास शिक्षा व्हावयाची. क्वचित् उणीव फार उशिरां उघडकीस येते. रोप लहान असतांना मुळास इजा झाली तर पानें हिरवीं दिसतात आणि कणीस भरण्याच्या वेळीं दाणा पोंचट निघतो. तसेंच विचार करणें, मनास आवरणें, कामाची आंखणी करणें हीं कामें करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या पुढेंपर्यंत वाढीस लागलेला असतो. पांचव्या वर्षीं त्यास बसलेला मार, जेव्हां अभ्यास कठीण होतो तेव्हां जाणवूं लागतो. म्हणून बालपणींच्या मोठ्या माराची तारीख व दवाखान्याचे कागद जमिनीच्या कागदांइतक्याच काळजीनें जपून ठेवावे.

कबड्डी, कुस्ती व क्रिकेट खेळणाऱ्या मुलांविषयीं एक नियम आहे. डोक्यास मार लागून भोंवळ आली, आठवण चुकली किंवा तोल गेला तर त्या दिवशीं मुलानें पुन्हां खेळावयाचें नाहीं. पहिला मार भरून येण्यापूर्वीं दुसरा बसला तर तो लहान असूनही घातक होऊं शकतो.

कर्तें माणूस

कर्त्या माणसाची अडचण निराळी. त्यास बोलतां येतें, पण तो 'मला कांहीं झालें नाहीं' असेंच बोलतो. घरीं काम पडलेलें असतें, पाण्याची पाळी असते, आणि चार माणसांत दुखणें सांगण्याची लाज वाटते.

कानशिलाचें हाड इतर कवटीच्या मानानें पातळ असून त्याच्या आंतल्या अंगानें एक धमनी जाते. हाड तडकून ती फुटली म्हणजे माणूस प्रथम क्षणभर बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येऊन चांगला बोलतो चालतो, आणि त्यानंतर कांहीं वेळानें पुन्हां गुंगींत जातो. मधल्या या शुद्धीच्या काळानें पुष्कळ कुटुंबें फसतात. मार लागल्यानंतर चांगला चालणारा माणूसही कसा हातचा जातो याचें उदाहरण आपल्याच देशांतील एका प्रसिद्ध खेळाडूचें आहे. भारताच्या संघांतून खेळलेले रमण लांबा हे इ. स. १९९८ च्या फेब्रुवारींत ढाका येथें एका सामन्यांत फलंदाजाच्या अगदीं जवळ, शिरस्त्राण न घालतां, क्षेत्ररक्षणास उभे होते. चेंडू डोक्यावर बसला. ते स्वतःच्या पायांनीं चालत मैदानाबाहेर गेले. पुढें थोड्याच वेळांत त्यांची शुद्ध हरपली, आणि शस्त्रक्रिया होऊनही तीन दिवसांनीं, २३ फेब्रुवारीस, त्यांचा अंत झाला. चालत जाणारा माणूस सुखरूप आहे असें मानूं नये, याहून स्पष्ट साक्ष कोणती पाहिजे ?

दारू प्यालेल्या माणसाविषयीं तर फारच चूक होते. मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाच्या तोंडास दारूचा वास आला कीं 'उतरली म्हणजे उठेल' असें म्हणून त्यास ओसरीवर निजवितात. दारूची गुंगी व मेंदूंतील रक्तस्रावाची गुंगी बाहेरून सारखीच दिसते. दारूची गुंगी वेळ जाईल तशी कमी होते; रक्तस्रावाची वाढत जाते. परंतु हें ठरविण्यासाठीं रात्र घालविणें म्हणजे माणूस घालविणें होय. डोक्यास मार लागला आहे व माणूस जागा होत नाहीं, एवढें दिसलें म्हणजे दारूचा विचार मनांतून काढून टाकावा व त्यास दवाखान्यांत न्यावें.

पहिले दिवस पार पडल्यावरही कर्त्या माणसाच्या कामांत खुणा दिसतात. हिशेबांत पक्का असलेला माणूस बेरजेंत चुकतो; मोटार चालू करून विसरतो; खताचा किंवा करपलेल्या भाकरीचा वास त्यास येत नाहीं; शांत स्वभावाचा माणूस बायकामुलांवर धांवून जातो. स्वभाव पालटणें हीही मेंदूच्या इजेची खूण आहे हें जगास एका मजुरावरून कळलें. इ. स. १८४८ सालीं अमेरिकेंतील व्हर्मांट संस्थानांत फिनियस गेज नांवाच्या रेल्वेवरील मुकादमाच्या कवटींतून सुरुंगाच्या स्फोटानें लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, चालूं बोलूं लागला. पण पूर्वींचा जबाबदार गडी राहिला नाहीं असें त्यास ओळखणाऱ्यांस दिसून आलें. घरांत असा पालट दिसला तर भांडण वाढविण्यापूर्वीं तो केव्हांपासून झाला याची आठवण करावी.

वृद्ध माणूस

वयोमानानें मेंदू किंचित् आकसतो. त्यामुळें त्याच्यांत व कवटींत अंतर पडून मेंदूपासून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. अशी शीर तुटण्यास मोठा मार लागत नाहीं. गोठ्याच्या तुळईस डोकें लागणें, न्हाणीघरांत बसल्या जागीं घसरणें पुरेसें होतें. रक्त थेंबाथेंबानें झिरपतें, आणि जागा असल्यामुळें प्रथम कांहींच जाणवत नाहीं. तीन आठवड्यांनीं, कधीं त्याहूनही उशिरां खुणा दिसतात. तोंपर्यंत तो मार सर्वजण विसरलेले असतात. हृदयासाठीं रक्त पातळ ठेवणारीं औषधें घेणाऱ्या व फार दारू पिणाऱ्या माणसांत हा धोका अधिक.

खुणा कोणत्या ? माणूस दिवसा झोपूं लागतो, बोलणें अडखळतें, एक पाय घासत चालतो, हातांतील पेला सुटतो, कपड्यांत लघवी होते, माणसें ओळखण्यांत चूक होते. यांत एक दिवस बरा, एक दिवस वाईट असा चढउतारही असतो. हें सर्व पाहून घरचे लोक 'आतां वय झालें' असें म्हणतात, किंवा अर्धांगवायु समजून तेल चोळीत बसतात. पण म्हातारपण वर्षांनीं येतें. तें एका महिन्यांत येत नाहीं. ज्याच्या समजुतींत दिवाळीस कांहीं उणें नव्हतें तो मार्गशीर्षांत नातवाचें नांव विसरूं लागला, तर त्यास वय कारण नव्हे.

आमच्या पाहण्यांतील एक हकीकत येथें देतों. सत्तरी उलटलेले एक खातेदार. घरीं दोन मुलगे. थोरला मुलगा एके दिवशीं आमच्याकडे येऊन म्हणाला, "भाऊसाहेब, आबांस आतां समजत नाहीं. सही करण्याइतकी शुद्ध आहे तोंवर वाटणीचे कागद करून घ्यावे म्हणतों." आम्हीं कागदांविषयीं बोलण्यापूर्वीं हें केव्हांपासून असें विचारलें. उत्तर त्याच्या बायकोनें दिलें. ती म्हणाली, "आबांच्या डाव्या पायाची वहाण एवढ्यांत पुढून झिजली आहे, उजवी तशीच आहे. आणि बैलाच्या दाव्याची गांठ त्यांस आतां बांधतां येत नाहीं." सोयाबीन काढणीच्या वेळीं गोठ्याच्या तुळईस आबांचें डोकें लागलें होतें ही गोष्ट तेव्हां धाकट्यास आठवली. त्यास पांच आठवडे झाले होते. त्याच दिवशीं त्यांनीं आबांस जिल्ह्याच्या ठिकाणीं नेलें. कवटीस दोन लहान भोंकें पाडून डॉक्टरांनीं जुनें काळसर रक्त काढलें. आठवड्याच्या आंत आबा माणसें ओळखूं लागले, आणि पुढील महिन्यांत दाव्याची गांठ स्वतः बांधूं लागले. वाटणी पुढें दोन वर्षांनीं झाली. ती त्यांनीं स्वतःच्या समजुतीनें केली. त्या सुनेनें वहाणेकडे पाहिलें नसतें तर एक जितें जागतें माणूस वेडें ठरून त्याची जमीन त्याच्या डोळ्यांदेखत वांटली गेली असती, आणि थोड्याच दिवसांत माणूसही गेलें असतें.

सर्व वयांतील धोक्याच्या खुणा

पुढील खुणांपैकीं एकही दिसली तर वय कोणतेंही असो, घटकाभरही थांबूं नये :

हांक मारून व हालवूनही माणूस नीट जागा न होणें, किंवा झोप वाढत जाणें.
पुन्हां पुन्हां वांती होणें, किंवा डोकेंदुखी वाढत जाणें.
आंचके येणें.
एका बाजूच्या हातापायांतील शक्ति जाणें, तोंड वांकडें होणें, जीभ जड होणें.
दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणें.
कानांतून किंवा नाकांतून रक्त अगर पाण्यासारखा द्रव गळणें.
डोळ्यांस मार लागला नसतां दोन्ही डोळ्यांभोंवतीं, किंवा कानाच्या मागें, काळेंनिळें होणें.
दिवस, ठिकाण किंवा घरचीं माणसें यांविषयीं भ्रम होणें.

डॉक्टर लोक शुद्धीचें मोजमाप गुणांनीं करतात. इ. स. १९७४ सालीं ग्लासगो येथील ग्रॅहम टीजडेल व ब्रायन जेनेट या दोघां डॉक्टरांनीं ही रीत घालून दिली. डोळे उघडण्यास ४, बोलण्यास ५ व हालचालीस ६, असे पूर्ण शुद्धीचे १५ गुण. सर्वांत कमी ३. घरच्यांनीं गुण देत बसण्याचें कारण नाहीं, पण त्याच तीन गोष्टी पाहाव्या : हांकेस डोळे उघडतो काय, विचारल्याचें नीट उत्तर देतो काय, सांगितल्याप्रमाणें हात उचलतो काय. पीकपाहणी जशी हंगामांत एकदांच करून भागत नाहीं, तशी ही पाहणीही एकदां करून भागत नाहीं. दर वेळीं कागदावर वेळ व उत्तर लिहून ठेवावें. सायंकाळीं ७ वाजतां बरोबर उत्तरें देत होता, ९ वाजतां नांव सांगेना, एवढ्या दोन ओळी डॉक्टरास तासभराच्या हकीकतीपेक्षां अधिक उपयोगाच्या होतात.

काय करावें, काय करूं नये

उंचावरून पडलेल्या किंवा वाहनाच्या अपघातांतील माणसाची मानही मोडलेली असूं शकते. त्यास बखोटीस धरून उठवूं नये, बसवूं नये. डोकें, मान व पाठ एका रेषेंत ठेवून चारजणांनीं मिळून फळीवर घ्यावें. बेशुद्ध माणूस ओकत असेल तर मान न वळवितां सर्व अंग एकदम कुशीवर वळवावें, म्हणजे वांती श्वासनलिकेंत जात नाहीं. वाहत्या जखमेवर स्वच्छ फडकें दाबून धरावें. मात्र हाड खचलेलें लागत असेल तर त्यावर दाब देऊं नये. कानांतून द्रव येत असेल तर बोळा कोंबूं नये. जखमेंत चुना, तंबाखू किंवा राख भरूं नये. गुंगींत असलेल्या माणसाच्या तोंडांत पाणी, चहा किंवा औषध घालूं नये. डोकेंदुखीसाठीं अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी देऊं नये. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर फोन केल्यास रुग्णवाहिका मोफत येते. तो क्रमांक घरांतील मुलांसही पाठ असावा.

ज्या दवाखान्यांत सीटी स्कॅनची सोय आहे तेथेंच जाण्याचा प्रयत्न करावा. साध्या क्ष-किरणाच्या चित्रांत हाड दिसतें, मेंदूंतील रक्त दिसत नाहीं. हें यंत्र शोधून काढणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे इंग्लंडांत शेतावर लहानाचे मोठे झालेले गृहस्थ होते हें वाचून आमच्या शेतकरी बंधूंस आनंद वाटेल. इ. स. १९७१ सालीं लंडन येथें त्या यंत्रानें प्रथम एका रोग्याच्या मेंदूचें चित्र घेण्यांत आलें, आणि इ. स. १९७९ सालीं हाउन्सफील्ड यांस नोबेल पारितोषिक मिळालें. प्रत्येक मारास स्कॅन लागतोच असें नाहीं. लहान मुलांस किरणांपासून जपावें म्हणून कित्येकदां डॉक्टर कांहीं तास नुसती देखरेख ठेवतात. तो निर्णय त्यांचा.

डॉक्टरांनीं तपासून घरीं पाठविलेल्या माणसास झोपूं द्यावें. त्यास रात्रभर बळेंच जागें ठेवण्याची जुनी समजूत चुकीची आहे. मात्र पहिली रात्र त्यास एकटें ठेवूं नये, व डॉक्टर सांगतील तितक्या अंतरानें उठवून पाहावें. पुढें कांहीं दिवस ट्रॅक्टर, मोटारसायकल, विहिरीचा कांठ व मळणीयंत्र यांपासून त्यास दूर ठेवावें.

कायद्याविषयीं दोन शब्द

रस्त्यावर पडलेल्या माणसास उचलण्यास लोक पोलीस चौकशीच्या भयानें धजत नाहींत. हें भय आतां बाळगण्याचें कारण नाहीं. इ. स. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा मदतनिसांस त्रास होऊं नये म्हणून नियम बंधनकारक केले, आणि इ. स. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत कलम १३४-अ घालून सद्‌भावनेनें मदत करणाऱ्यास संरक्षण देण्यांत आलें. त्याच कायद्याच्या कलम १२९ प्रमाणें मोटारसायकलवर चालविणाऱ्यानें, मागें बसणाऱ्यानें व चार वर्षांवरील मुलानेंही शिरस्त्राण घालणें आवश्यक आहे. शेतापर्यंत दोन मैल जावयाचें आहे, तेथें शिरस्त्राण कशास, असें पुष्कळजण म्हणतात. त्या दोन मैलांचा दगड शहरांतील दगडापेक्षां मऊ नसतो.

आमची वाचकांस विनंती आहे कीं, हा लेख त्यांनीं एकट्यानें वाचून ठेवूं नये. तो घरांतील बायकांस, शाळेंत जाणाऱ्या मुलांस व सालगड्यांस वाचून दाखवावा. कारण पडलेलें मूल प्रथम आईच्या दृष्टीस पडतें, पडलेला गडी त्याच्या जोडीदाराच्या, आणि म्हाताऱ्याची झिजलेली वहाण सुनेच्या. धोक्याच्या खुणांची वरील यादी उतरवून गोठ्याच्या दारामागें लावावी, व तिच्या खालीं सर्वांत जवळच्या स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्याचें नांव, फोन क्रमांक आणि तेथें पोंचण्यास लागणारा वेळ लिहून ठेवावा. तो वेळ पावसाळ्यांत, रात्रीच्या वेळीं, ओढ्यास पाणी असतांना किती लागेल हेंही आजच विचारांत घ्यावें.